पिठाची लॉरी आणि लिपस्टिकची तोफ

त्या रविवारी तुम्ही दोघांनी मेलबर्नहून फोनवर विचारलंत, "आजी, आज काय केलंस?" मी म्हटलं, "एक बेट चालवलं, आणि संध्याकाळी शत्रूच्या ताब्यात दिलं." तुम्ही इतके हसलात की धाकटीला उचकी लागली, आणि तेवढ्यात तुमच्याकडची सोमवारची शाळेची बस आली. गोष्ट तिथेच राहिली. ती आता पहिल्यापासून नीट लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पण हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही भराभर वाचून मोकळे व्हाल. मराठीत तुम्हाला आईला खेटून बसावं लागेल, आणि मला तेच हवं आहे.

लंडनच्या या टोकाला, आमच्या पिनरमध्ये, चर्चच्या मागे एक हॉल आहे. तिथे सोमवारी योगा असतो, बुधवारी तान्ह्या बाळांची गाणी असतात आणि रविवारी दुपारी आमचा इतिहासाचा क्लब. क्लबात सगळे पेन्शनवाले. तुमचे आजोबा त्याला "हीटिंग वाचवा मंडळ" म्हणतात, कारण हिवाळ्यात तो हॉल आमच्या सगळ्यांच्या घरांपेक्षा उबदार असतो. क्लब चालवतात ते एक निवृत्त भूगोलाचे मास्तर. अंगाने काडी, पण उत्साह असा की खुर्च्या लावायला लागले तरी गाणं म्हणतात.

या मास्तरांनी हिवाळाभर खपून टेबल टेनिसच्या टेबलावर कागदाच्या लगद्याचं एक बेट उभं केलं. मधे डोंगर, डोंगरावर मेंढपाळांच्या वस्त्या, खाली बंदर, बंदराचा धक्का, धक्क्याला लागून घरांची एक ओळ. बेट खरोखरीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिशांची वसाहत होतं. लंडनहून एक गव्हर्नर पाठवायचे आणि तो पोस्टाच्या तिकिटांपासून मेंढ्यांच्या रोगापर्यंत सगळा कारभार पाहायचा. बेटाचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

त्या बेटावर मास्तर आम्हाला युद्ध खेळायला लावत. एका बाजूला गव्हर्नर आणि त्याचा सेनापती, दुसऱ्या बाजूला शत्रूच्या जहाजाचा कप्तान, मधे पंच म्हणून मास्तर. बेटावरची तोफ म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या लिपस्टिकची रिकामी नळी. जहाज म्हणजे काडेपेटी. आणि माणसं म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, एका कुटुंबाला एक. घरांच्या पुठ्ठ्याच्या भिंतींना ते चिमटे लावलेले असत. एक कुटुंब गेलं की मास्तर चिमटा काढून बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. टण्‌ असा आवाज यायचा.

पहिल्यांदा खेळ झाला तेव्हा गव्हर्नर झाले होते आमचे निवृत्त दातांचे डॉक्टर. मोठा आवाज, मोठं पोट, मन चांगलं, पण हरायला मुळीच तयार नाहीत. काडेपेटीचं जहाज दिसल्याबरोबर त्यांनी तोफ डागली. जहाजाने उलट मारा केला. बंदराच्या ओळीतले चिमटे एकामागून एक डब्यात गेले, टण्‌, टण्‌, आणि शेवटी बेटही गेलं. डॉक्टर मात्र खूश. "निदान आम्ही तोफ तरी उडवली!" ते म्हणाले. "खऱ्या गव्हर्नरने म्हणे एक गोळा न उडवता किल्ल्या देऊन टाकल्या."

सगळे हसले, मीही हसले. फक्त आपल्या घरासमोर राहणाऱ्या आजी हसल्या नाहीत. त्या तुम्हाला आठवतात ना? तुम्ही आलात तेव्हा त्यांनी बागेतल्या गूसबेरी दिल्या होत्या आणि थोरल्याने आंबट म्हणून खिशात लपवल्या होत्या, त्या. नव्वदी ओलांडली आहे, पण लिपस्टिक लावल्याशिवाय कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी कोट काढला नाही.

"तो गव्हर्नर माझे वडील होते," त्या म्हणाल्या.

ज्या नकाशावरून मास्तरांनी बेट बनवलं, तोही त्यांच्याच घरचा होता. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि कुणाला सांगू नका अशी त्यांना ताकीद होती. युद्ध संपल्यावर वडील इंग्लंडला परतले. कुणी त्यांना काही बोललं नाही, पण ते तिथल्या साहेबांच्या क्लबात शिरले की बोलणं थांबायचं. पुढे त्यांनी क्लबात जाणंच सोडलं. आईने घर बदललं. घरात बेटाचा विषय कधी निघाला नाही.

"माझे वडील भित्रे होते का, एवढंच मला कळायला हवं आहे," आजी म्हणाल्या. "आता उगाच लांबवण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. पुढच्या रविवारी तुम्ही गव्हर्नर व्हा."

"मीच का?"

"तुमच्याकडे कधीही आलं तरी चमच्यांच्या खणात चमचेच सापडतात. तुम्ही घर चालवता तसं बेट चालवून दाखवा. पण माझ्यावर दया म्हणून शरण जाऊ नका. तसं केलंत तर मला कळेल, आणि मी तुमच्याशी बोलणार नाही."

खरं सांगायचं तर मला दया-बिया काही सुचलीच नाही. मला वाटलं, बेट राखायचं. नीट आखणी केली तर का राखता येणार नाही? आजोबांना सांगितलं तर त्यांनी पेपर खाली न करताच म्हटलं, "अगं, तुला गोगलगायींपासून कोथिंबीर राखता येत नाही!"

"अहो, गोगलगायी रात्री येतात. शत्रू क्लबाच्या वेळेत येणार आहे."

सेनापती म्हणून मी माझ्या ठाण्याच्या मैत्रिणीला घेतलं. तुम्ही तिला भेटला नाहीत. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन लंडनला आली. तिची मुलं-नातवंडं फक्त इंग्रजी बोलतात, त्यामुळे तिचं सगळं मराठी माझ्यासाठी साठवलेलं असतं आणि भेटलं की धबधब्यासारखं कोसळतं. शनिवारी ती शब्बाथ पाळते, काहीही करत नाही. खेळ रविवारी म्हणून जमलं. नारळाच्या दुधातला हलवा वड्या पाडून घेऊन आली, आणि हॉलमध्ये पाऊल ठेवताच ओरडली, "काय गं गव्हर्नरीणबाई, तोफा कुठायत?"

यावेळी शत्रूचे कप्तान झाले दातांचे डॉक्टर. आम्ही दोघी मराठीत खलबत करायला लागलो तसे ते मास्तरांकडे वळले. "पंच! यांनी गुप्त भाषा वापरली तर चालते का?"

"युद्धात सांकेतिक भाषा चालते," मास्तर म्हणाले.

"त्यांचं पोट बघ," मैत्रीण लगेच मराठीत म्हणाली. "काडेपेटीत मावणार कसे?"

आणि डॉक्टरांकडे बघून गोड हसली. समोरच्या आजी भिंतीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर धरून.

आता नियम सांगते, सोपे आहेत. बेटावर एकच लॉरी. प्रत्येक डावाला तिची एकच खेप. तोफ खाली धक्क्यावर, पण तोफेचे गोळे वर डोंगरातल्या कोठारात. पीठ, साखर, तेल खाली धक्क्यावरच्या कोठारात. जहाज कधी येणार ते फाशांवर. बाकी कुणी काय करायचं ते गव्हर्नरने ठरवायचं.

मास्तर म्हणाले, "गव्हर्नर, पहिला हुकूम?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आपल्या मंडळाचा गणपती असो, कोजागिरी असो, मीटिंगमध्ये पहिला विषय कोणता असतो ते तुमच्या आईला विचारा. हॉल नंतर, नाटक नंतर, पाहुणे कोण ते तर अगदी शेवटी. आधी जेवण. आणि जेवण ठरवताना जेवढी माणसं तेवढं कधीच नाही, आला-गेला धरायचा. माझी अख्खी नोकरी कौन्सिलच्या शाळांमधल्या जेवणाच्या खात्यात गेली. सगळं पीठ एकाच कोठारात, तेही समुद्राच्या काठी, हे मला पाहवेना.

"ओल लागेल गं त्याला," मी म्हटलं.

"आणि जहाज आलं की आधी तेच उचलून नेतील," मैत्रीण म्हणाली. "वर पाठव. घरोघर वाटून टाक."

पहिल्या डावाला लॉरीने पीठ वर नेलं. दुसऱ्या डावाला साखर आणि तेल. तिसऱ्या डावाला आमच्या लक्षात आलं की एका वस्तीवर कमी पोचलं आहे. तेव्हा तिकडे आणखी एक खेप, शिवाय आला-गेला धरून थोडं जास्त. मास्तर आ करून बघत होते. क्लबातली मंडळी टेबलाभोवती गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "पण युद्ध कधी सुरू होणार?" मी विहिरींना पहारा ठेवला, शाळा डोंगरातल्या गोठ्यात हलवली, बेकरीवाल्याला तीन वस्त्यांवर भट्ट्या बांधायला सांगितलं. इतकं झकास चाललं होतं की मला वाटलं, मी आयुष्यभर उगाच वरिष्ठांचं ऐकत बसले. सरळ गव्हर्नर व्हायला हवं होतं.

मग डॉक्टरांनी फासे टाकले आणि काडेपेटी निळ्या रंगावरून सरकत थेट बंदरात आली.

"तोफ!" मैत्रीण म्हणाली. "उडव!"

मास्तरांनी घसा खाकरला. "गव्हर्नर, तोफेजवळ गोळ्यांची एकच पेटी आहे. जुनी. बाकीचे गोळे डोंगरातच आहेत. तुम्ही ते खाली आणलेच नाहीत."

डॉक्टर असे हसले की त्यांचं जहाज हलकेच उलटलं. माझे कान तापले. पिठाच्या नादात आम्ही दोघी तोफगोळे साफ विसरलो होतो! मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "सेनापती मी, आणि लक्ष माझं भट्टीकडे! अगं, आपण लढाईला आलो होतो की लग्नाला?"

तरी एक पेटी होती. मी लिपस्टिकच्या नळीवर बोट ठेवलं.

"उडवली तर जहाज बुडेल का?"

"फाशावर दोन्ही सहा पडले तर."

"आणि नाही पडले तर?"

"तर जहाज उलट मारा करेल. बंदराच्या ओळीवर."

"मग आधी ओळ रिकामी करते. सगळ्यांना लॉरीत घालून वर पाठवते."

"या डावात एकच गोष्ट होईल," मास्तर म्हणाले. "लॉरी किंवा तोफ."

"आणि तोफ न उडवता लॉरी पाठवली तर?"

"तर तोवर डॉक्टर धक्क्यावर उतरलेले असतील."

मी ओळीकडे पाहिलं. पुठ्ठ्याच्या भिंतींना चिमटे लागलेले. मैत्रीण हळूच म्हणाली, "एकदाच तर उडव गं. नाव राहील." तिचंही खरं होतं. मला अगदी उडवावीशी वाटत होती. एवढी मोठी बाई, हातात फासे, सगळा क्लब बघतोय. पण ते चिमटे डब्यात टाकल्याचा आवाज मी मागच्या खेपेला ऐकला होता, आणि दोन्ही सहा पडतील अशा भरवशावर मी कधी साधी भाजीसुद्धा फोडणीला टाकलेली नाही.

"नाही उडवत," मी म्हटलं.

समोरच्या आजींनी मान वर केली. त्यांचा चेहरा कठोर झाला होता. मला कळलं, त्यांना वाटतंय मी दया केली.

डॉक्टर मात्र भलतेच खुशीत होते. त्यांनी आपले चिमटे धक्क्यावर उतरवले, वायरलेसच्या खोलीवर झेंडा लावला आणि मोठ्या थाटात कोठाराचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"पीठ कुठे आहे?"

"वाटलं," मी म्हटलं.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. जहाजाचा शिधा संपत आलेला होता, तो इथल्या कोठारातून भरायचा अशी त्यांची योजना होती. आता त्यांना प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक घरी जाऊन मागावं लागणार होतं, आणि डोंगर सगळा आमचा.

माझी मैत्रीण सावरून बसली. "आता बोल," ती मराठीत म्हणाली. "भाजीवाल्याशी बोलतेस तशी बोल."

मी बोलले. जेवायला देईन, पण अटी माझ्या. एकही कुटुंब घरातून हलवायचं नाही. मासेमारीच्या होड्या अडवायच्या नाहीत. शाळा चालू राहील. भट्टीवर माझाच माणूस.

"शरण आलेली बाई अटी घालते आहे!" डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले.

"शरण आली आहे," मैत्रीण इंग्रजीत म्हणाली, "उपाशी नाही आली. उपाशी तुम्ही आहात." आणि हलव्याचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टरांनी एक वडी तोंडात टाकली, मग दुसरी, आणि तिसरी घेता घेता सगळ्या अटी मान्य केल्या. बेट गेलं. पण बिस्किटांच्या डब्यात त्या दिवशी एकही चिमटा पडला नाही.

सगळे टाळ्या वाजवत होते तेवढ्यात समोरच्या आजी उठून टेबलापाशी आल्या. टाळ्या थांबल्या.

"तुम्ही गोळे खाली का आणले नाहीत?" त्यांनी मला विचारलं. "खरं सांगा."

"खरं सांगू? विसरले. पिठाच्या नादात विसरले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय सोंग करणार? माझे कान अजून लाल होते. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की मास्तरांनी खुर्ची पुढे केली. "विसरलात! दया म्हणून मुद्दाम हरणारा माणूस इतकी वाईट लढाई लढूच शकत नाही."

"पण तोफ न उडवणं ते विसरून नव्हतं," मी म्हटलं. "ते ठरवून केलं."

"ते मी पाहिलं," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुढे बोलल्या, "माझे वडील गोळे विसरले नाहीत. सगळेच्या सगळे खाली आणून तोफेजवळ रचून ठेवले होते, तरी एकही उडवला नाही. मी गोळ्यांच्या त्या ढिगावर चढून खेळायचे. पीठ मात्र धक्क्यावरच राहिलं, आणि ते पहिल्याच दिवशी गेलं. हिवाळाभर आम्ही शिंपले उकडून खाल्ले. मला अजून शिंपल्यांचा वास सहन होत नाही."

दातांच्या डॉक्टरांनी तोंडातली वडी चावायची थांबवली. "तुमचे वडील?"

आजींनी बंदराच्या ओळीतला धक्क्याजवळचा चिमटा काढला आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला. "हे आमचं घर. ही आई, आणि ही मी. मागच्या वेळी तुम्ही आम्हाला डब्यात टाकलंत."

एवढा मोठा माणूस, चिमटा हातात धरून उभा. माझी मैत्रीण काहीतरी म्हणणार होती, मी तिला कोपर मारलं. शेवटी डॉक्टरांनी एक खुर्ची ओढली, आजींच्या समोर बसले आणि अगदी हळू आवाजात, बहुधा पूर्वी घाबरलेल्या पेशंटशी बोलत असतील तसं, विचारलं, "ते कसे होते हो? म्हणजे, बेटाचं सोडा. घरी कसे होते?"

आजींनी पर्स जवळ ओढली. मला वाटलं, त्या आता उठून जातील. पण त्या आठवत होत्या. आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"कोंबड्यांना घाबरायचे," त्या म्हणाल्या.

आणि मग जे सुरू झालं! धक्क्याजवळच्या त्या घराच्या परसात कोंबड्या होत्या, आणि अंडी काढायला गव्हर्नरसाहेब टोपी डोळ्यांवर ओढून जायचे. रविवारी पेटी वाजवायचे, पायाने भाता हलवायची ती, आणि एक सूर नेहमी चुकायचा. बेटावरची कुत्री त्याच सुराला ओरडायची. मुलीच्या वेण्या तेच घालायचे, कारण त्यांना गाठी मारण्याची नाविकांसारखी आवड होती, आणि त्या वेण्या रात्री सुटता सुटायच्या नाहीत. शत्रूच्या अधिकाऱ्याला किल्ल्या द्यायला गेले तेव्हा घाईत दोन पायांत दोन वेगळे मोजे होते, आणि आई, बेटाचं नाव न काढता, त्या मोज्यांबद्दल मरेपर्यंत त्यांना बोलत राहिली. डॉक्टर मांडीवर थापा मारत हसत होते. मास्तरांनी दोनदा चहा केला. हॉलच्या किल्ल्या मागायला आलेला माणूसही कोट घालूनच ऐकत उभा राहिला. तुमचे आजोबा मला न्यायला आले आणि हलव्याचा तळाचा चुरा खात बसले.

मी मधेच विचारलं, कारण मला राहवेना. "मग तुम्हाला जे कळायला हवं होतं, ते कळलं का?"

आजींनी पर्समधून आरसा काढला, हसून हसून पसरलेली लिपस्टिक रुमालाने नीट केली आणि आरसा बंद केला.

"भित्रे नव्हते," त्या म्हणाल्या. "पिठाचं त्यांना मुळीच कळत नव्हतं." आणि डॉक्टरांकडे वळून लगेच विचारलं, "तुम्हाला बदकाची गोष्ट सांगू का?"